चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर चेक करू नका

जुनी गाडी घरीच सांभाळणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो, की इंजिन चालू ठेवून बॅटरीची मायनसची वायर काढायची, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) ओके, बंद पडली तर गेला. प्लीज हे करू नका. डायनॅमोच्या जमान्यात, गाडीत इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नव्हतंच तेव्हा हे खपून जायचं. पण अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं, कारण तो झटका पचवणारी बॅटरीच जागेवर नसते, आणि मग त्यात अल्टरनेटरचे डायोड, रेग्युलेटर किंवा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) उडू शकतो. शिवाय गाडी चालू राहिली म्हणून चार्जिंग नीट आहे हे सिद्ध होतच नाही!

साधा मल्टीमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा, आणि त्याचे दोन प्रोब (टोकदार वायरी) बॅटरीच्या प्लस-मायनसच्या खुंट्यांना लावा. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास यायला हवं, आणि हेडलाइट, ब्लोअर लावूनही फार खाली पडायला नको.

कमी आलं तरी लगेच अल्टरनेटर बदलू नका. जुन्या गाडीत बरेचदा अर्थिंगच, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिन-बॉडीशी असलेली जोडणीच, खराब असते. इंजिन आणि लाइट चालूच ठेवून एक प्रोब बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी इंजिन बंद करून अर्थची पट्टी सोडवा, गंज घासा, घट्ट आवळा आणि परत मोजा.