ब्लूटूथ पेअरिंग

ब्लूटूथ पेअरिंग : परस्परांना अनोळखी असलेल्या दोन ब्लूटूथ उपकरणांनी एकमेकांचा पत्ता जाणून घेणे, दोघांत सामाईक अशी गुप्त किल्ली तयार करणे आणि ती आपापल्या स्मृतीत जपून ठेवणे या क्रियेला पेअरिंग म्हणतात. मराठीत ‘जोडणी’ किंवा ‘जुळणी’ हे पर्याय लिहिण्यात आढळतात. बोलण्यात मात्र ‘पेअर करणे’ हेच रूढ आहे. ‘जोडणी’ हा शब्द पेअरिंग आणि कनेक्शन या दोन्हींसाठी सरसकट वापरला जात असल्याने प्रस्तुत नोंदीत तो टाळला आहे. पेअरिंग म्हणजे ओळख, ती एकदाच करून द्यावी लागते. कनेक्शन म्हणजे गाठभेट, ती रोज होते. हेडफोनच्या बहुतेक तक्रारी हा भेद लक्षात न घेतल्याने उद्भवतात. बोलीत खुद्द कानातल्या यंत्रालाच ‘ब्लूटूथ’ म्हणण्याची पद्धत पडली आहे (‘कानात ब्लूटूथ घालून हिंडतो’). याउलट २००५–१० च्या काळातील तरुणांना हे तंत्र आधी माहीत झाले ते हेडफोनसाठी नव्हे, तर एका फोनमधून दुसऱ्यात गाणी पाठवण्यासाठी.

नाव : दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड गोर्मसन (राजवट सु. ९५८–९८६) याच्या ‘ब्लोटान’ या उपनावाचे ‘ब्लूटूथ’ हे इंग्रजी रूप होय. इंटेल कंपनीतील अभियंते जिम कार्डाक यांनी १९९७ मध्ये ते सुचवले. त्यांनी पुढे स्वतःच लिहिलेल्या हकिकतीनुसार, कॅनडातील एका अयशस्वी सादरीकरणानंतर एरिक्सन या स्वीडिश दूरसंचार कंपनीचे स्वेन मॅटिसन यांच्याशी इतिहासावर गप्पा रंगल्या आणि त्या ओघात हाराल्डचा विषय निघाला. विखुरलेल्या डेन टोळ्या त्याने एका छत्राखाली आणल्या, तसेच हे तंत्र संगणक आणि दूरध्वनी या दोन उद्योगांना एकत्र आणील, अशी ही कल्पना होती. नाव तात्पुरते होते. ‘रेडिओवायर’ आणि ‘पॅन’ ही दोन नावे स्पर्धेत होती. पहिल्याचा व्यापारचिन्ह-शोध वेळेत पुरा झाला नाही आणि दुसरे आधीच फार ठिकाणी वापरात असल्याचे आढळले, म्हणून तात्पुरतेच कायम झाले. बोधचिन्हही हाराल्डच्या आद्याक्षरांचे आहे : उत्तरकालीन रून लिपीतील ‘हागाल’ आणि ‘ब्यार्कन’ ही दोन अक्षरे एकात एक गुंफून ते बनवले आहे.

हाराल्डला हे उपनाव का पडले यावर एकमत नाही. डेन्मार्कमधील येलिंग येथील शिलालेखात तो ‘सारा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकणारा व डेन लोकांना ख्रिस्ती करणारा’ असा येतो; उपनाव तेथे नाही. ते प्रथम बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रचलेल्या रोस्किल्डे येथील बखरीत आढळते, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर सु. दीडशे वर्षांनी. एक मत असे, की त्याचा एखादा दात मरून काळा-निळा पडला होता. जुन्या नॉर्स भाषेत ‘ब्लार’ हा शब्द निळ्याइतकाच गडद, काळपट रंगासाठीही वापरला जाई, हे या मताला पोषक आहे. दुसरे मत उपनावातील उत्तरपदाचा संबंध दाताशी न लावता इंग्रजी सरदारवाचक ‘थेन’ या शब्दाशी लावते. राजाला निळी बोरे फार आवडत, म्हणून दात निळे झाले, ही इंटरनेटवरील लोकप्रिय कथा आहे. तिला जुना आधार दाखवला जात नाही. काळ्या दाताचे मत तुलनेने साधे आणि म्हणून अधिक ग्राह्य वाटते.

उगम : तंत्राचा आरंभ नेमका कधी धरावा, याबद्दल दोन परंपरा आहेत. बहुतेक संदर्भग्रंथ १९९४ हे वर्ष देतात. त्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत डच अभियंते याप हार्टसन आणि स्वीडिश अभियंते स्वेन मॅटिसन यांनी संगणकाच्या आरएस-२३२ तारेला बिनतारी पर्याय म्हणून कमी पल्ल्याचा रेडिओ-दुवा विकसित करण्यास प्रारंभ केला. दुसरी परंपरा १९८९ पर्यंत मागे जाते. एरिक्सन मोबाइलचे तंत्रप्रमुख निल्स रिडबेक यांनी त्या वर्षी ‘शॉर्ट-लिंक’ रेडिओची कल्पना पुढे आणली. तिचा हेतू योहान उलमन यांच्या स्वीडिश एकस्वांना (पेटंटना) अनुसरून बिनतारी हेडसेट बनवणे हा होता. ही एकस्वे १९८९ आणि १९९२ मधील आहेत. हेतूचा उगम १९८९ मध्ये आणि प्रत्यक्ष रेडिओ-रचनेचा १९९४ मध्ये, असे मानल्यास दोन्ही विधानांचा मेळ बसतो. म्हणजे हेडफोन हा ब्लूटूथचा नंतर सापडलेला उपयोग नसून कदाचित मूळ प्रयोजनच होते. मे १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांचा ब्लूटूथ विशेष हितसंबंधी गट जाहीर झाला. १९९९ मध्ये पहिले विनिर्देश (तांत्रिक नियमावली) प्रसिद्ध झाले.

अभिनेत्री हेडी लमार हिने ब्लूटूथचा शोध लावला, असे विधान हल्ली वारंवार वाचनात येते. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल याने पाणतीराच्या गुप्त नियंत्रणासाठी कंप्रता (फ्रिक्वेन्सी) बदलत राहणाऱ्या प्रेषणाचे अमेरिकी एकस्व ११ ऑगस्ट १९४२ रोजी मिळवले, हे खरे आहे. स्वयंचलित पियानोच्या छिद्रपट्टीप्रमाणे, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच म्हणजे ८८ कंप्रतांवर उड्या मारणारी ती योजना होती. परंतु कंप्रता बदलत संदेश धाडण्याच्या कल्पना त्यापूर्वीही एकस्वांत आणि ग्रंथांत आलेल्या आहेत, आणि ब्लूटूथच्या रचनेवर निकटचा परिणाम दिसतो तो अमेरिकेच्या संघीय संचार आयोगाच्या १९८५ मधील निर्णयाचा. त्या निर्णयाने औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपयोगांसाठी राखलेल्या पट्ट्यांत विस्तृत-पट प्रेषणाला (एकाच कंप्रतेऐवजी रुंद पट्ट्यावर पसरून संदेश धाडण्याला) परवान्याविना मुभा मिळाली. लमार-अँथाइल यांना पूर्वसूरी म्हणणे रास्त. जनक म्हणणे अतिशयोक्त ठरेल.

कंप्रता-उड्डाण : मूळ ब्लूटूथ २,४०० ते २,४८३.५ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यात, प्रत्येकी १ मेगॅहर्ट्झ रुंदीच्या ७९ वाहिन्यांवर चालते. जोडलेली दोन्ही उपकरणे सेकंदाला १,६०० वेळा, म्हणजे दर ६२५ मायक्रोसेकंदांनी वाहिनी बदलतात. ७९ हा आकडा मनमानी नाही. त्या काळच्या अमेरिकी नियमानुसार या पट्ट्यात उडी मारणाऱ्या प्रेषकाला किमान ७५ वाहिन्या वापरणे भाग होते. फ्रान्समध्ये उपलब्ध पट्टा अरुंद असल्याने प्रारंभी तेथे २३ वाहिन्यांची निराळी व्यवस्था होती. पुढे अमेरिकी नियम शिथिल झाला आणि २००३ मधील १.२ आवृत्तीत गजबजलेल्या वाहिन्या टाळून उरलेल्यांवरच उडण्याची सोय आली. मात्र निदान २० वाहिन्या वापराव्याच लागतात. याच पट्ट्यात वायफाय आहे आणि मायक्रोवेव्ह भट्टीही आहे. भट्टी सुरू होताच स्वयंपाकघरातल्या माणसाचे गाणे तुटू लागते, ते यामुळे. गर्दीच्या वेळच्या मुंबई लोकलच्या डब्यात शेकडो हेडफोन एकाच वेळी बहुधा सुरळीत चालतात, ते उड्यांमुळे. भारतात २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम जानेवारी २००५ मध्ये निघाले.

या कंप्रतेच्या लहरी पाणी चांगल्या शोषते आणि मानवी शरीरात पाणीच अधिक असते. फोन पँटच्या मागच्या डाव्या खिशात आणि हेडफोनचा ग्राही (संदेश झेलणारा भाग) उजव्या कानात असेल तर मोकळ्या मैदानात आवाज तुटू शकतो. घरात भिंतींवरून परावर्तित लहरी कानापर्यंत पोचतात, तशा मैदानात पोचत नाहीत.

शोध आणि किल्ली : उड्यांचा क्रम एका उपकरणाच्या पत्त्यावरून आणि घड्याळावरून ठरतो. ज्याची ओळखच नाही त्याचे घड्याळ कळणार कसे, ही पेअरिंगपुढची पहिली अडचण. तिच्यावरचा उपाय असा : शोधणारे उपकरण (बहुधा फोन) ठरलेल्या ३२ कंप्रतांवर दुप्पट वेगाने साद घालत राहते; हेडफोन मात्र त्यांपैकी एकेका कंप्रतेवर दीर्घकाळ कान लावून बसतो आणि सु. १.२८ सेकंदांनी ती बदलतो. धावणारा आणि थांबलेला कधीतरी एका कंप्रतेवर गाठ पडतात. एक पूर्ण शोध १०.२४ सेकंदांचा धरलेला आहे. फोनच्या पडद्यावर नावे एकेक करून उगवतात, त्याचे कारण हेच. हेडफोन या सादेला ओ देण्यास तयार होतो ती त्याची ‘पेअरिंग अवस्था’. ती आणण्यासाठी बटण काही सेकंद दाबून धरतात किंवा नव्या प्रकारच्या हेडफोनांत त्यांच्या डबीचे झाकण उघडतात. दिवा झपाट्याने लुकलुकू लागतो. एरवी नुसता चालू असलेला हेडफोन अनोळखी फोनला दिसत नाही. मिळणारा पत्ता ४८ बिटांचा असतो. त्यातील २४ बिट निर्मात्याला नेमून दिलेले असतात.

त्यानंतर किल्ली. जुन्या पद्धतीत ती दोन्हीकडे टाकलेल्या सांकेतिक अंकांवरून, म्हणजे पिनवरून बने. हेडफोनला आकडे टाकायला जागाच नसल्याने त्याचा पिन कारखान्यातच पक्का केलेला, बहुधा ‘००००’ असे. पेअरिंग चालू असताना ते बिनतारी संभाषण टिपणाऱ्याला चार अंकी पिन साध्या संगणकावर सेकंदापेक्षा कमी वेळात काढता येतो, असे तेल अवीव विद्यापीठातील शाकेड आणि वूल यांनी २००५ मध्ये दाखवले. २००७ मधील २.१ आवृत्तीने ही पद्धत मोडीत काढली. आता दोन्ही उपकरणे एलिप्टिक कर्व्ह गणितावरील डिफी-हेलमन पद्धतीने आपापली जाहीर किल्ली एकमेकांना देतात आणि गुप्त किल्ली दोहोंकडे स्वतंत्रपणे काढली जाते. ती हवेतून जातच नाही. मोटारीतील पडदा आणि फोन जुळवताना दिसणारे सहा अंक याच पद्धतीचा भाग होत. ते दोन्हीकडे सारखे आहेत का, एवढेच माणसाने पाहायचे. हेडफोनला पडदा नसल्याने हा ताळा वगळला जातो. या सौम्य प्रकाराला ‘जस्ट वर्क्स’ असे नाव आहे. नुसते चोरून ऐकणाऱ्यापासून तो वाचवतो. मधे उभा राहून दोघांशीही खोटे बोलणाऱ्यापासून नाही. २०१९ मध्ये अँटोनिओली, टिपेनहाउअर आणि रासमुसेन यांनी आणखी एक उणीव उघड केली. संभाषण कूटबद्ध करणाऱ्या किल्लीचे बळ १ ते १६ बाइटांत वाटाघाटीने ठरे आणि हल्लेखोर ते एका बाइटवर आणू शके. यानंतर किमान ७ बाइटांची अट शिफारसण्यात आली.

किल्ली दोन्हीकडे जतन होते, ही गोष्ट वापराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. फोनमधून हेडफोनचे नाव ‘फरगेट’ केले तर फोनकडची किल्ली जाते, हेडफोनकडची राहते. हेडफोन जुन्या ओळखीवर विसंबून फोनची वाट पाहतो, फोनला मात्र तो परका वाटतो. शिवाय पेअरिंग अवस्थेत नसल्याने यादीतही येत नाही. हेडफोन मूळ स्थितीत आणून (रीसेट करून) त्याचीही स्मृती पुसली, की दोघे समपातळीवर येतात. हेडफोनची स्मृती थोडीच असते, अनेकांत आठ उपकरणांच्या आसपास. नवीन ओळख झाली की सर्वांत जुनी गळते. घरातल्या दुसऱ्याच्या फोनला हेडफोन आपोआप जाऊन चिकटतो, तो दोष नव्हे. चालू होताच तो ओळखीच्यांपैकी जो आधी सापडेल, बहुधा शेवटचा, त्याच्याकडे जातो. एकाच वेळी दोघांशी संबंध ठेवणाऱ्या हेडफोनला ‘मल्टिपॉइंट’ म्हणतात.

ध्वनी : ओळख झाल्यावर कोणते काम करायचे ते ‘प्रोफाइल’ ठरवतात. संगीतासाठी ए२डीपी, संभाषणासाठी एचएफपी. पहिल्यात ध्वनी दोन्ही कानांचा पण एकाच दिशेने जाणारा. एसबीसी ही संपीडन-पद्धत (ध्वनी दाबून लहान करण्याची रीत, कोडेक) सर्वांना सक्तीची, एएसी, एपीटीएक्स किंवा सोनीची एलडीएसी ऐच्छिक. दुसऱ्यात मायक्रोफोनही चालवायचा असल्याने ध्वनी एकपदरी (मोनो) होतो आणि जुन्या उपकरणांत सेकंदाला ८,००० नमुन्यांवर उतरतो (२०११ नंतरच्या विनिर्देशात १६,०००). लॅपटॉपवर बैठक सुरू होताच गाण्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, तो या बदलामुळे. हेडफोन बिघडला असे समजून दुकानात नेणारे बरेच असतात.

अलीकडील स्थित्यंतर : २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून तारेच्या हेडफोनचे छिद्र काढले आणि वर्षअखेर एअरपॉड बाजारात आणले. डबी उघडताच फोनवर चित्र झळकवणारी सोपी ओळख त्यातून रूढ झाली. गूगलच्या ‘फास्ट पेअर’ने २०१७ मध्ये अँड्रॉइडवर तसेच केले. दोन्ही कानांची यंत्रे पूर्णपणे सुटी असल्याने त्यांची आपापसातही ओळख लागते. ती कारखान्यात झालेली असते आणि मूळ स्थितीत आणताना दोन्ही डबीत एकत्र ठेवण्याची सूचना याच कारणाने असते. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’त (एलई म्हणजे लो एनर्जी, कमी ऊर्जेवर चालणारे ब्लूटूथ) एलसी३ ही नवी संपीडन-पद्धत आली. त्याच कुळातील ‘ऑराकास्ट’मध्ये सभागृह किंवा विमानतळासारख्या ठिकाणचा एक प्रेषक कितीही श्रोत्यांना ध्वनी पुरवू शकतो. आकाशवाणी लावावी तसे श्रोत्याने प्रक्षेपण निवडायचे. प्रक्षेपण खासगी असेल तर सांकेतिक शब्द लागतो, पेअरिंग लागत नाही.