अडीच टनांचं डिझेल आणि दोन हजार सीसीची रेषा: एक पार्श्वभूमी

निपाणी सोडून तवंदी घाट चढताना उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला, की मागच्या गाडीचा वेग ३० वर येतो. रस्ता मोकळा झाल्यावर अडीच टनांची मोठी एसयूव्ही पुन्हा ७० ला न्यायला तीन लिटरच्या डिझेलला धावपळ करावी लागत नाही. पाय अर्धा दाबला तरी पुरतो. मर्सिडीजच्या जीएलएस ४००डी मध्ये ७०० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) १२०० आरपीएमपासून हाताशी असतो, आणि ९ गिअरचा बॉक्स हवा तो गिअर आवाज न करता देतो. सपाट हायवेवर १०० च्या वेगाला इंजिन दीड हजारांच्या खाली फिरतं. कोल्हापूर-बेळगाव-हुबळी असा सतत प्रवास करणारा माणूस या वर्गात डिझेलच का मागतो, याचं कारण या दोन आकड्यांत आहे.

हा स्वभाव एका दिवसात आलेला नाही. १९९७ मध्ये कॉमन रेल इंजेक्शन, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी रचना, बाजारात आलं, त्याआधी मोठं डिझेल म्हणजे खडखडाट आणि काळा धूर. टोयोटाच्या लँड क्रूझरची वाट निराळी होती. इंजिन मोठं ठेवायचं आणि त्याच्यावर ताण कमी द्यायचा, हा तिथला हिशेब. आधी ४.२ लिटरचं सहा सिलिंडर, मग २००७ पासून ४.५ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८. आज तीच गाडी ३.३ लिटरच्या व्ही६ वर ३०९ हॉर्सपॉवर आणि ७०० न्यूटन-मीटर देते. इंजिन लहान झालं तरी ताकद वाढली, आणि पुढचा सगळा वाद याच गोष्टीभोवती आहे.

आपल्या भागात मोठ्या डिझेलची ओळख झाली ती मुख्यतः मर्सिडीजच्या जीएल ३५० मुळे. त्यात २९८७ सीसीचं ‘ओएम ६४२’ व्ही६ होतं, २००५ मध्ये आलेलं. सिलिंडरांच्या दोन ओळींमधला कोन ७२ अंश. सहा सिलिंडरच्या व्ही रचनेत इंजिन स्वतःहून समतोल राहत नाही, म्हणून त्यात वेगळा बॅलन्स शाफ्ट बसवला. २५८ हॉर्सपॉवर, ६२० न्यूटन-मीटर. इंजिन टिकाऊ आहे, पण त्याची एक दुखरी जागा प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असायला हवी. ऑइल कूलर दोन ओळींच्या मधल्या खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवलेला आहे. त्याची रबरी सीलं उष्णतेने कडक होतात. तेल खोबणीत साचतं, मागच्या बाजूने उतरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून ठिबकतं. खालून पाहणारा म्हणतो, ‘मेन सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवा.’ तसं करू देऊ नये. आधी वरून टॉर्च मारून किंवा कॅमेरा घालून खोबण तपासावी. सीलं स्वस्त आहेत, खर्च होतो तो मजुरीवर, कारण टर्बो आणि दोन्ही मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. एवढं उघडलंच आहे तर सुधारित जांभळ्या सीलांसोबत टर्बोच्या तोंडाचं सीलही बदलून घ्यावं. तिथून पाझरलेलं तेल खाली स्वर्ल फ्लॅपच्या (आत येणाऱ्या हवेला वळण देणाऱ्या झडपांच्या) मोटरीवर पडतं, मोटर जळते आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे संगणक तिची ताकद कमी करून ठेवतो.

ही गाडी ऐन भरात असताना १६ डिसेंबर २०१५ चा आदेश आला. दिल्लीच्या हवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या खासगी डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. सुरुवातीला मुदत ३१ मार्च २०१६ पर्यंत होती, पुढे ती वाढत गेली. १२ ऑगस्ट २०१६ रोजी बंदी उठली, आणि तिच्या जागी एक्स-शोरूम किमतीवर १ टक्का पर्यावरण शुल्क आलं. बंदी दिल्लीची असली तरी गाड्या देशभरासाठी एकच बनतात, त्यामुळे बेळगावात बुकिंग करणाऱ्यालाही ‘पेट्रोल घेऊ का?’ हा प्रश्न पडला.

आदेशामागची चिंता खरी होती. थंडीतली दिल्लीची हवा आणि त्यातली काजळी कोणी नाकारत नव्हतं. महागड्या मोठ्या गाड्यांवर आधी बोट ठेवणं लोकांना पटणारंही होतं. चुकली ती मोजपट्टी. सीसी म्हणजे सिलिंडरांची एकूण पोकळी. सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं हे ठरतं ते इंजेक्शनचा दाब, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी सोय), काजळी अडवणारा फिल्टर, घातक वायू मोडणारा कॅटॅलिस्ट आणि कायद्याने घालून दिलेली मर्यादा यांवर. महिनाभरात एका देशी कंपनीने २.२ लिटरच्या जागी १.९९ लिटरचं इंजिन बसवून त्याच गाड्या दिल्लीत विकायला काढल्या. गाडी तीच, वजन तेच, प्रदूषणाचा नियमही तोच. रेषेच्या आत यायला थोडी पोकळी कमी केली की काम झालं. दुसरीकडे २१४३ सीसीची सेडान रेषेबाहेर राहिली.

खरी सवलत दुसरीकडेच लपलेली होती आणि तिच्यावर फार थोडे बोलले. बीएस-४ या तेव्हाच्या प्रदूषण नियमात माणसं-सामानासह २५०० किलोपर्यंत वजनाच्या डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती. त्याहून जड प्रवासी गाडी मात्र हलक्या मालवाहू गाड्यांच्या वर्गात मोजली जाई, आणि तिथल्या सर्वांत जड गटाला ०.३९ ग्रॅमची मुभा होती. म्हणजे गाडी जितकी जड, तितकी सूट जास्त. मोठ्या एसयूव्हीवर नेमका घाव घालायचा असता तर ही वजनाची पायरी काढायला हवी होती. ती निघाली १ एप्रिल २०२० ला, बीएस-६ मध्ये. प्रवासी डिझेल गाडी कितीही जड असो, मर्यादा ०.०८ ग्रॅम. ०.३९ वरून ०.०८, म्हणजे जवळपास ८० टक्के कपात. सीसीच्या रेषेने आठ महिन्यांत जे साधलं नाही, ते या एका ओळीने साधलं. यावर दोन मतं असतील, पण इंजिन उघडून पाहणाऱ्याला दुसरं मत सुचणार नाही.

याच नियमांच्या धाकाने इंजिनाची मांडणी बदलली. २०१७ मध्ये व्ही६ च्या जागी सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं ‘ओएम ६५६’ आलं, २९२५ सीसीचं. सरळ सहा मुळातच समतोल असतं, बॅलन्स शाफ्ट लागत नाही. त्याहून मोठा फायदा उष्णतेचा. एक्झॉस्ट सगळा एकाच बाजूला येतो, त्यामुळे टर्बो, कॅटॅलिस्ट आणि फिल्टर इंजिनाला चिकटून बसवता येतात आणि लवकर तापतात. कॅटॅलिस्ट गार असेल तर तो काही करत नाही. या इंजिनात ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि पिस्टन स्टीलचे आहेत. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं, स्टील कमी. फट थोडी वाढते, घर्षण घटतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्ट आणि कास्टिंगवर हात चालवणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. भारतात हे इंजिन आधी २०१८ मध्ये चाकणला बनलेल्या सेडानमध्ये आलं, नियमाच्या दोन वर्षं आधी बीएस-६ होऊन. २०२० मध्ये ते जीएलएस ४००डी मध्ये ३३० हॉर्सपॉवरसह आलं, आणि २०२४ च्या ४५०डी मध्ये ४८ व्होल्टच्या स्टार्टर-जनरेटरसोबत ३६७ हॉर्सपॉवर आणि ७५० न्यूटन-मीटरपर्यंत गेलं.

एक्झॉस्ट स्वच्छ झाला, पण मालकाच्या वाट्याला नवी कामं आली. फिल्टरमध्ये काजळी साठते. हायवेवर ती आपोआप जळत राहते. बेळगावात टिळकवाडी ते कॅम्प, कॅम्प ते शहापूर अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत एक्झॉस्ट तापतच नाही. मग संगणक उशिरा जादा डिझेल फवारून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास नेतो. हे काम १५ ते २५ मिनिटं चालतं. मध्येच गाडी बंद केली की ते अर्धवट राहतं, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर किंवा स्क्रीनवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ‘बरं आहे, कमी तर झालं नाही’ असं समजू नये. ऑइल पातळ झालंय, लगेच बदलावं. थांबल्यावर पंखा जोरात फिरत असेल, तापल्याचा वास येत असेल आणि आयडल नेहमीपेक्षा वर असेल, तर गाडी बंद न करता हायवेवर संकेश्वरपर्यंत सलग एक फेरी मारून यावी. ऑइल कमी राखेचंच हवं, या इंजिनांना मर्सिडीजच्या २२९.५१ किंवा २२९.५२ दर्जाचं. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

दुसरं काम डीईएफचं, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड मारायला एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या, पाण्यातल्या ३२.५ टक्के युरियाच्या द्रावणाचं. ऊस पट्ट्यात खताची पोती प्रत्येक गोदामात असतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतायचा नाही. त्याला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, आणि विहिरीच्या पाण्यातला कॅल्शियम इंजेक्टरचं छिद्र बुजवतो. पंप, इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट तिन्ही हातचे जातात. सीलबंद बादली घ्यावी, उन्हात ठेवू नये, आणि सांडलेलं पाण्याने धुवावं, नाहीतर पांढरे खडे धरतात. स्क्रीनवर उरलेले किलोमीटर शून्यावर आले की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर इग्निशनसुद्धा चालू करू नये. पंप फिरला की ते रेल आणि इंजेक्टरपर्यंत जातं, आणि टाकी रिकामी करून भागणारं काम पूर्ण इंजेक्शन सिस्टिम बदलण्यावर जातं.

घाटाचा हिशेब निराळा. जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला उतरताना ५.२ मीटर लांबी आणि ३.१ मीटर व्हीलबेस वळणावर जाणवतो, समोरून बस आली तर जास्तच. उतारावर ‘डी’ मध्ये ठेवून ब्रेकवर अडीच टन धरणं चूक. स्टीअरिंगमागच्या पॅडलने तिसरा-चौथा गिअर धरून ठेवावा, म्हणजे डिस्क तापत नाहीत. पावसाळ्यानंतर एअर सस्पेन्शनच्या रबराच्या घड्या पाहाव्यात. सकाळी गाडीचा एक कोपरा खाली बसलेला असेल तर त्या बाजूच्या घडीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधावेत. ते टाळलं तर दाब भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि जळतो, मग एका एअर स्प्रिंगच्या खर्चावर दुसरा मोठा खर्च येतो.

सीसीची रेषा करात मात्र अजून आहे. सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि मोठ्या गाड्यांना सरळ ४० टक्के जीएसटी लागला. डिझेलसाठी १५०० सीसी आणि ४ मीटर लांबीच्या आतली गाडी १८ टक्क्यांत बसते. त्याच काळात दिल्लीत दहा वर्षांची झालेली डिझेलं एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यांत विकायला येतात, आणि २०१३ ते २०१६ च्या जीएल ३५० त्यात असतात. किंमत भुरळ घालणारी असते. घेणाऱ्याने कर्नाटकातला कर वेगळा धरावा. सौदा करण्याआधी गाडी रात्रभर एका जागी उभी करायला सांगावी, सकाळी चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजावी, आणि मग लिफ्टवर घेऊन गिअरबॉक्सच्या जोडाखाली बोट फिरवून तेल आहे का ते बघावं.