ड्रॉइंग क्लाउडवर, चावी कोणाकडे?

नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत क्लाउडचा विषय काढा, वर्कशॉपच्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "डायची ड्रॉइंग्ज दुसऱ्याच्या मशीनवर ठेवायची? उद्या शेजारच्या गाळ्यात गेली तर?" शंका रास्तच आहे. पार्टीचं ड्रॉइंग फुटलं तर ऑर्डर जाते.

क्लाउड म्हणजे भाड्याचे सर्व्हर. अ‍ॅमेझॉनचे 2016 पासून मुंबईतही आहेत. एकाच सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकं नांदतात आणि हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर त्यांच्यात भिंत घालतं. त्या भिंतीलाही भेग पडू शकते, हे प्रोसेसरमधल्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन या दोषांनी 2018 मध्ये दाखवून दिलं. पण चोराला एवढा खटाटोप सहसा करावाच लागत नाही.

2019 मधलं कॅपिटल वन या अमेरिकी बँकेचं प्रकरण बघा. 10 कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. ती अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर होती, चूक मात्र बँकेच्या फायरवॉलच्या, म्हणजे येणारी-जाणारी माहिती तपासणाऱ्या पहारेकरी सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये निघाली. क्लाउडमध्ये एक अंतर्गत सेवा असते. तिला फक्त आतूनच विचारता येतं आणि ती सर्व्हरला तात्पुरत्या डिजिटल चाव्या देते. हल्लेखोराने बाहेर बसून फायरवॉलकडूनच तिला विचारून घेतलं. मिळालेल्या चावीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त अधिकार होते. माहिती एन्क्रिप्ट, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही अशी, केलेली होती, पण त्याच अधिकाराने ती उलगडलीही गेली!

म्हणजे इमारत, डिस्क, हायपरवायझर सांभाळायचं काम क्लाउड कंपनीचं. कोणाला काय दिसावं हे ठरवणं गिऱ्हाइकाचं. आणि आपल्याकडे? ऑफिसभर एकच पासवर्ड, तोही मॉनिटरला चिकटवलेला. नोकरी सोडून गेलेल्या ड्राफ्ट्समनचं लॉगिन अजून चालू. अशा ठिकाणी क्लाउडला नावं ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ड्रॉइंग आपल्याच कॉम्प्युटरवर एन्क्रिप्ट करून मग वर चढवता येतं, मग क्लाउड कंपनीलाही ते वाचता येत नाही. मात्र ती चावी हरवली, तर ड्रॉइंग गेलंच म्हणून समजा.

बॅकअपचंही तेच. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. करार करताना दर विचारतोच आपण. दुसरी प्रत कोणत्या शहरात राहणार आणि तिचे पैसे वेगळे पडणार का, हेही त्याच बैठकीत लिहून घ्या.