पाळणाघरात स्वयंसेवक व्हायचंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी पाहा

पाळणाघरात मदत करायला पुढे येणारी माणसं बहुतेक मनापासून येतात. तरीही त्यांचे अर्ज परत जातात, आणि कारण माणसात नसतं, कागदात असतं. तेच तीन-चार कागद पुन्हा पुन्हा नडतात, म्हणून त्यांच्याबद्दलच जरा सविस्तर लिहितो.

वयाची अट साधारण १८ पूर्ण. काही ठिकाणी त्याहून लहान मुलामुलींनाही पालकांच्या लेखी संमतीने घेतात, पण त्यांना मुलांजवळ एकटं सोडत नाहीत. फॉर्म, फोटो, ओळखपत्र यांत अडण्यासारखं काही नसतं.

अडतं ते पोलीस पडताळणीपाशी. लोक आधी दाखला काढतात आणि मग पाळणाघर शोधतात. हा क्रम उलटा आहे. दुसऱ्या नोकरीसाठी किंवा पासपोर्टसाठी झालेली पडताळणी इथे चालेलच असं नाही, कारण लहान मुलांसोबत काम करण्यास बंदी असलेल्यांची यादी तिच्यात तपासलेली नसते. इंग्लंडमध्ये ही सखोल तपासणी, जिला तिथे डीबीएस म्हणतात, संस्थेमार्फतच मागवली जाते. म्हणून आधी पाळणाघराशी बोला, त्यांना नेमका कोणता दाखला लागतो ते लेखी घ्या आणि मगच पैसे भरा. पुष्कळ ठिकाणी स्वयंसेवकांना शुल्क माफ असतं, पण फॉर्मवर स्वयंसेवक असल्याची खूण केली नाही तर ते भरावं लागतं.

पत्त्यांचा रकाना घाईने भरू नका. साधारण मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते मागतात. वसतिगृहातले चार महिने किंवा नातेवाइकांकडे काढलेले दिवस लोक सोडून देतात आणि तारखांमध्ये खंड दिसला की अर्ज थांबतो. लग्नापूर्वीचं नाव गाळल्यानेही हेच होतं. मधल्या काळात दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिथला पोलीस दाखलाही लागू शकतो. त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून त्याचीच सुरुवात आधी करा.

मुदतीचा घोळ वेगळाच. डीबीएसच्या दाखल्यावर संपण्याची तारीख नसते, म्हणून तो कायमचा आहे असं लोक धरून चालतात. खरं तर तो फक्त दिलेल्या दिवसापर्यंतचं सांगतो, आणि किती जुना चालेल हे संस्था ठरवते. तो ऑनलाइन अद्ययावत ठेवणारी अपडेट सेवा घ्यायची असेल तर दाखला निघाल्यापासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. ती तारीख हुकली की नवा दाखला काढण्यावाचून मार्ग नाही. अमेरिकेत सरकारी अनुदान घेणाऱ्या केंद्रांत कर्मचाऱ्यांची तपासणी दर पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते. एवढ्या महत्त्वाच्या तारखा कार्यालयं माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत का छापतात, हे मला आजवर कळलेलं नाही. अर्जदाराला त्या पहिल्या पानावर दिसायला हव्यात.

आरोग्य दाखल्यातला सापळा म्हणजे क्षयाची त्वचाचाचणी. हातावर टोचून घेतलं की काम झालं असं वाटतं, पण ४८ ते ७२ तासांत परत जाऊन ती वाचून घ्यावी लागते. उशीर झाला तर चाचणी पुन्हा करावी लागते. शनिवार-रविवार मध्ये येणार असतील तर दिवस मोजूनच टोचा. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस त्याच वेळी बाकी असेल तर दोन्ही एकाच दिवशी करा. लस आधी घेतली तर चाचणीसाठी चार आठवडे थांबावं लागतं, कारण ही लस चाचणीचा निकाल दाबू शकते.

लहानपणीच्या लसींचं कार्ड बहुतेकांकडे नसतंच. घाबरू नका. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी पुष्कळ ठिकाणी पुरावा म्हणून चालते, किंवा डॉक्टर पुन्हा लस देतात. गोवराच्या दोन डोसांत किमान २८ दिवस लागतात, ते वेळापत्रकात धरा.

शिफारसपत्रं साधारण दोन मागतात आणि नातेवाइकांची चालत नाहीत. ‘सज्जन व मनमिळाऊ’ एवढ्यावर भागत नाही. तुम्हाला कुठे, किती काळ आणि कोणत्या कामात पाहिलं, हे त्या व्यक्तीने लिहायला हवं. फोन येईल अशी तिला आधी कल्पना द्या. शिफारस करणाऱ्याने फोन न उचलल्यामुळे रखडलेले अर्ज मी पाहिले आहेत, आणि त्या अर्जदाराला ते कुणी कळवलंही नव्हतं.

मुलाखतीत बाळाचं लंगोट बदलताना किंवा शौचाला नेताना काय करायचं, हे हमखास विचारतात. सुरुवातीला ते काम प्रशिक्षित कर्मचाऱ्याचं असतं, तुमचं नव्हे, आणि मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढायचे नसतात. हे नियम तुमच्यावर संशय म्हणून नाहीत. ज्यांना अजून नीट बोलताही येत नाही अशा मुलांसाठी ते आहेत, तेव्हा न रागावता सही करा.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. पडताळणीत नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचीच नोंद तुमच्यावर आली असेल तर आक्षेप घेता येतो. तो संस्थेकडे नव्हे, दाखला देणाऱ्या यंत्रणेकडे नोंदवायचा असतो, आणि त्याची पोच जपून ठेवायची असते.