तीन ठळक रंगांची निवड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे भिंतींचा रंग, पडदे आणि सोफ्याचे कापड निवडायला येणारे बरेच ग्राहक आता फिकट छटांऐवजी तीन ठळक रंग एकत्र वापरण्याची इच्छा व्यक्त करतात. ही आवड आम्हाला मनापासून पटते. खानदेशातल्या लख्ख उन्हात फिके रंग दुपारी पार विरून जातात, ठळक रंग मात्र टिकून दिसतात. तरीही तीन सुंदर रंग निवडले की त्यांचा मेळ आपोआप बसतो असे नाही, आणि तो बिघडतो तेव्हा कारण बहुधा प्रमाणाचे असते.

तिन्ही रंग सारख्या प्रमाणात वापरल्यास नजर कशावरच ठरत नाही. म्हणून सजावटीच्या व्यवसायात साधारण ६०, ३० आणि १० टक्के अशी विभागणी धरतात : भिंतींवर मुख्य रंग, पडदे व सोफ्यावर दुसरा, आणि उशांचे अभ्रे किंवा एखादा कोनाडा एवढ्यापुरता तिसरा. आपल्याकडे साडी नेसताना हेच घडते. हिरव्या अंगाच्या साडीला लाल काठपदर आणि त्यावर पिवळे ब्लाउज शोभते, कारण हिरव्याचे राज्य कोणी हिरावून घेत नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे वास्तुरचनाकार खेरित रीटफेल्ट यांनी १९२४ मध्ये बांधलेले घर लाल, पिवळ्या व निळ्या रंगांसाठी ओळखले जाते. पण बाहेरून पाहता त्याचा बहुतांश भाग पांढरा आणि करडाच आहे. दुकानाच्या पाटीलाही हेच लागू पडते : पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे आणि लाल फक्त एका ओळीला, म्हणजे पाटी रस्त्यापलीकडूनही वाचता येते.

रंग शेजारच्या रंगामुळेही बदललेला भासतो. पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवर टांगायची चित्रे धाग्यांनी विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये याचे सविस्तर विवेचन केले. तेथील काळ्या धाग्याबद्दल तक्रारी येत होत्या. पण दोष रंगाईत नसून शेजारच्या रंगांच्या परिणामात होता. म्हणून शेडकार्डावरचे तीन चौकोन वेगवेगळे पाहून निर्णय करू नये. दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यांवर प्रत्येक रंगाचे दोन हात द्यावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि तिन्ही पुठ्ठे एकमेकांना लागून ठेवून त्याच खोलीत सकाळी, दुपारी चारला व रात्री दिवा लावून पाहावेत. सुमारे २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या प्रकाशाच्या छटेचे माप) पिवळसर दिव्याखाली गडद निळा जवळजवळ काळा दिसतो, तर ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली तोच पुन्हा निळा वाटतो. आखाजीपूर्वी (अक्षय्य तृतीयेपूर्वी) किंवा लग्नसराईच्या आत काम उरकायचे म्हणून ही पायरी गाळू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

बाहेरच्या भिंतींचा विचार निराळा करावा लागतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पश्चिमेची भिंत गडद असेल तर ती अधिक उष्णता शोषून रात्री घरात सोडते. तिथे फिका रंग ठेवून ठळक रंग चौकटी, कठडे आणि उत्तरेच्या बाजूला घ्यावेत. झगझगीत लाल व पिवळ्या छटांपैकी पुष्कळशा उन्हाने विटतात, तर गेरू आणि पिवळी माती या लोहाच्या ऑक्साइडच्या छटा दीर्घकाळ टिकतात. जवळच्या अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना हेच रंग मुख्यत्वे वापरलेले आहेत. लेण्यांच्या आत ऊन पोचत नाही हे खरे, पण मातीच्या रंगांवरचा आमचा विश्वास उन्हातल्या कामांतूनही पक्का झालेला आहे.

शुद्ध लाल आणि पिवळा रंग खालची भिंत लवकर झाकत नाहीत. त्यांच्याखाली त्याच कुळातील रंग मिसळलेला प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पायाचा थर, लावल्यास वरचा एखादा हात वाचू शकतो. रंग यंत्रावर मिसळून तयार होत असल्याने दर वेळी छटेत किंचित फरक पडू शकतो, म्हणून एका भिंतीला लागणारा सगळा रंग एकाच वेळी घ्यावा, आणि उरलेल्या डब्यावर शेडचा क्रमांक व खोलीचे नाव लिहून ठेवावे.