कारवानी हेकट नाही, त्याची नजर तशी आहे

ऊसतोडीत फडाच्या शेवटच्या सऱ्या उरल्या की आत दडलेला ससा बाहेर उसळतो आणि बांधावर पेंगणारा कारवानी कुत्रा क्षणात सुटतो. मालक शिट्ट्या मारतो, नावानं ओरडतो, पण कुत्रं काही वळत नाही. एवढ्यावरून कोल्हापूर भागात या जातीला हेकट, बिनडोक ठरवून टाकतात. हा त्या जनावरावर अन्याय आहे.

कारवानी, म्हणजे मुधोळ संस्थानामुळे नावारूपाला आलेला शिकारी कुत्रा, वासावर नाही, नजरेवर धावतो. आपल्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यात, मधोमध एक बारीक खळगा असतो आणि स्पष्ट दिसण्याचं काम तिथं एकवटलेलं असतं. कुत्र्यात हा खळगा नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं, की लांब नाकाच्या कुत्र्यांत दृष्टिपटलाकडून मेंदूला संदेश नेणाऱ्या गुच्छिका पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत त्या मध्यभागी गोळा होतात. आडवा पट्टा म्हणजे मान न वळवता अख्खं क्षितिज नजरेत. शिवाय कमी प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी भरपूर, म्हणून मंद उजेडातली हालचालही टिपली जाते. बारकावे मात्र कमी दिसतात: आपल्याला ७५ फुटांवरून जे ओळखू येतं, त्यासाठी सर्वसाधारण कुत्र्याला २० फुटांवर यावं लागतं. लाल-हिरव्यातला फरकही नीट कळत नाही, म्हणून हिरव्या गवतात पडलेला लाल चेंडू त्याला पटकन सापडत नाही. तोच चेंडू घरंगळू द्या, झेप पडलीच.

पिल्लू विकताना 'वीसनखी आहे, वाघासारखं' म्हणून जादा पैसे उकळतात. वाघाला नखं अठराच असतात! मागच्या पायाचं जादा नख हा आनुवंशिक फरक आहे, शौर्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

स्वभावानं हा कुत्रा अबोल. घरच्यांना जीव लावतो, परक्याचा हात डोक्यावर आलेला त्याला खपत नाही. पाठलाग करून परतल्यावर त्याला बडवू नका. परत येणं म्हणजे मार, एवढंच तो शिकतो. कान टवकारले, मान ताठ झाली, की तेव्हाच हाक मारा. एकदा धाव सुरू झाली की उशीर झालेला असतो. मोकळ्या शिवारात पट्टा सोडूच नका, कारण सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि तो कुत्र्यावर नाही, मालकावर दाखल होतो.