थंडीने जळालेली वेल आणि पानगळ झालेली वेल

जानेवारीत निफाड-नाशिककडे पारा चार-पाच अंशांवर उतरला की अंगणातल्या मधुमालती, कृष्णकमळाचा पार खराटा होतो. ‘गेली’ म्हणून लोक ती बुडापासून तोडतात. यातल्या कितीतरी वेली जिवंत असतात, म्हणून कोयता उचलण्याआधी पानं बघा.

पानगळीत वेल स्वतःच पान सोडते. पान पिवळं पडतं, देठाच्या बुडाशी पेशींचा वेगळा थर तयार होतो आणि पान तिथून अलगद सुटतं. मागे स्वच्छ व्रण उरतो, त्याच्या वर टपोरा डोळा, म्हणजे नव्या फुटव्याचा कोंब. थंडीने जळालेलं पान मात्र सुटण्याआधीच मरतं. आधी ओलसर, उकडल्यासारखं दिसतं, मग काळं पडून फांदीलाच लोंबकळत राहतं. म्हणजे उघडी फांदी बहुधा धडधाकट असते. वाळल्या पानांसकट उभी असलेली फांदी जास्त काळजीची. मधुमालतीत देठाचा बुडखा काट्यासारखा मागे राहतो. ती तिची रीतच आहे, त्याला वाळवी किंवा रोग समजू नका.

पारा शून्याच्या वर असताना पान गोठतं कसं? तापमान मोजतात जमिनीपासून मीटरभर उंचीवर, आडोशात. निरभ्र, निवांत रात्री उघड्यावरचं पान आपली उष्णता आकाशाकडे टाकतं आणि हवेपेक्षाही गार होतं. त्यामुळे एकाच वेलीचे मांडवावरचे शेंडे करपतात आणि पत्र्याखालची बाजू हिरवी राहते.

शंका असेल तर नखाने साल खरवडा, शेंड्याकडून खाली येत. आत हिरवं, ओलसर लागलं की तिथून खाली जीव आहे. तरी लगेच छाटू नका. करपलेले शेंडे खालच्या डोळ्यांवर आडोसा धरतात. फेब्रुवारीत थंडी ओसरून फुटवा दिसला की त्याच्या वर कापा. तोवर युरिया अजिबात नको, पाणीही बेताचं. पानं नसलेली वेल पाणी ओढत नाही आणि मुळं कुजतात.

परसातली द्राक्षवेल डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वापरलेल्या दुसऱ्या जातीच्या वेलीवर, कलम केलेली असेल, तर फुटवा कुठून आला ते आवर्जून पाहा. जोडाच्या खालचा फुटवा खुंटाचा, त्याला तुमची द्राक्षं लागणार नाहीत. जोडाच्या वर जीव असेल तर हा खालचा फुटवा काढून टाका. वरचं सगळं मेलं असेल तर तोच जपा, त्यावर पुन्हा कलम भरता येतं.